हेल न काढणारे वाद्य



‘पाइप ऑर्गनवरच्या शोकरचना’ असा विषय पत्रिकेवर छापला गेला आणि विचारणा सुरू झाली की नगरमध्ये असा ऑर्गन आहे तरी कुठे? विचारणा रास्त आहे. नळ्यांचा मोठा ऑर्गन ऐकायचा तर आपल्याला मुंबई गाठावी लागते. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये तो आहे. ते चर्च मुळात स्मारकच. १८३८ ते १८४२ च्या पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांसाठी ते बांधले आणि १८५८ साली त्याचे समर्पण झाले. नगरच्या वाट्याला या घराण्यातली धाकटी पाती आली. आधी मिशनची पायपेटी, मग हातभात्याची बाजाची पेटी. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर हीच पेटी जन्मभर वाजवत होते. रविवारी उपासनेला, एरवी भजनाला, आणि कुणी गेले की मातीला. विषय लांबचा वाटला तरी त्याचा एक धागा आपल्या दारावरून जातो. तो सोडणार नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

आधी यंत्र समजून घेऊ. ऑर्गनमध्ये भात्यातली हवा एका बंद पेटाऱ्यात येते आणि ठरावीक दाबाने तिथे कोंडून राहते. पेटाऱ्यावर नळ्या उभ्या असतात. पट्टी दाबली की नळीखालचे झाकण उघडते, हवा आत शिरते, सूर लागतो. पट्टी सोडली की झाकण मिटते आणि सूर बंद. पियानोवर बोट जोरात पडले तर आवाज मोठा, हलके पडले तर लहान. ऑर्गनवर पट्टी जीव खाऊन दाबा नाहीतर नुसती टेकवा, आवाज तोच. सतारीची तार छेडली की सूर उमटतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. ऑर्गनचा सूर विरत नाही. पहिल्या क्षणी जसा असतो तसाच तो दहाव्या मिनिटालाही असतो, हवा असेपर्यंत. वीज नव्हती तेव्हा ही हवा भरायला भात्यावर माणसे लागत, आणि ती ऐकणाऱ्यांच्या नजरेआड असत. आवाज पालटायचा तर वादक शेजारच्या खुंट्या ओढतो. एकेक खुंटी नळ्यांची एकेक रांग जागी करते. हातांसाठी पट्ट्यांचे दोन-तीन मजले, पायांसाठी वेगळ्या पट्ट्या. मोठ्या ऑर्गनमधली सर्वांत लांब नळी ३२ फुटांची. तिची कंपने सेकंदाला सुमारे १६. तो खर्ज कानाला कमी आणि बसल्या बाकाला जास्त कळतो.

असे वाद्य नगरला का आले नाही, याची कारणे साधी आहेत. पैसा हे पहिले. शिवाय भात्याचे चामडे उंदरांना आवडते, लाकूड वाळवीला. आणि आपली हवा. हवा तापली की नळीतला सूर चढतो. तापमान १० अंशांनी वाढले तर अर्धस्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने. म्हणजे नगरच्या डिसेंबरातल्या पहाटेला जुळवलेला ऑर्गन मे महिन्यातल्या दुपारी जवळजवळ अर्धा स्वर वर गेलेला सापडेल. पितळी रीडवर उन्हाळ्याचा एवढा परिणाम होत नाही. अलेक्झांद्र दबँ या पॅरिसच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले, त्यात नळ्या नव्हत्याच, नुसते रीड होते. अमेरिकेत बोस्टनच्या ‘मेसन अँड हॅमलिन’सारख्या कारखान्यांनी हवा बाहेर फेकण्याऐवजी आत ओढणारी पायपेटी काढली. बोस्टन हे अमेरिकन मिशनचेही मुख्य ठाणे, आणि त्या मिशनचे काम नगरमध्ये १८३१ पासून सुरू होते. पुढे १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी बनवली. खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी हाकायचे वाद्य त्यामुळे मांडी घालून बसणाऱ्यांच्या पुढ्यात आले.

आता आपल्याकडचा शोक आठवा. गावाकडे माणूस गेला की बायका हेल काढून रडतात. गेलेल्याचे नाव, त्याचे नाते, त्याने केलेले, त्याचे राहून गेलेले, सगळे त्या हेलात येते. सूर वर चढतो, तिथून घसरत उतरतो, मधेच हुंदक्याने तुटतो. आपल्या गायकीतल्या करुण जागांचे मूळ या हेलात आहे असे मला वाटते. मींड म्हणजे संस्कार झालेला हेल. सारंगी काळजाला भिडते ती त्यामुळेच. ऑर्गनला यातले काहीही जमत नाही. दोन सुरांमधली वाट त्याला चालताच येत नाही. एक झाकण मिटते आणि दुसरे उघडते. सूर थरथरवणारी एक सोय त्यात असते खरी, पण ती थरथर रांगेतल्या सगळ्या नळ्यांना सारखीच, म्हणून कुणाचीच नसते.

मग या वाद्यावर शोक करायचा कसा? ज्यांनी तो केला त्यांनी दुःख वादकाच्या हातातून काढून घेतले आणि रचनेत ठेवले. मला आज एवढेच दाखवायचे आहे. समोर पेटी ठेवली आहे ती त्यासाठी.

पांढरी चार हा सा धरा. तिथून खाली या. सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, आणि पंचमावर थांबा.

(येथे हे सहा स्वर पेटीवर सावकाश वाजवून दाखवले.)

आपल्या कानाला हे चमत्कारिक वाटणार. ललितात दोन मध्यम शेजारी शेजारी येतात हे आपण ऐकलेले आहे. पण दोन्ही निषाद आणि त्यांना चिकटून दोन्ही धैवत अशी उतरण कुठल्याही रागाच्या घरात बसत नाही. युरोपात मात्र हीच उतरण शेकडो वर्षे विलापाची खूण होती. ती खर्जात टाकायची आणि वर काहीही घडो, खाली पुन्हा पुन्हा तीच येऊ द्यायची. जर्मन संगीतकार बाखने १७१४ च्या एप्रिलमध्ये वायमार इथे एक कॅन्टाटा, म्हणजे उपासनेतली गायनरचना, सादर केला. त्यातल्या पहिल्या समूहगीताखाली ही उतरण बारा वेळा येते. शब्द रडण्याचे, कण्हण्याचे, काळजीचे आणि धास्तीचे. वरचे आवाज एकमेकांत गुंततात, सुटतात, पण खर्ज त्यांच्याकडे पाहत नाही. पुढे याच संगीतावर बाखने आपल्या ‘बी मायनर मास’मधला ख्रिस्ताला वधस्तंभावर खिळल्याचा भाग रचला. तिथे ही उतरण तेरा वेळा येते, आणि तेराव्या वेळी ठरलेली वाट सोडून देते.

दीडशे वर्षांनी फ्रान्झ लिस्टने हा खर्ज उचलला. लिस्ट म्हणजे युरोपभर गाजलेला पियानोवादक, टाळ्यांचा आणि मानपानाचा माणूस. १८५९ च्या डिसेंबरात त्याचा मुलगा दानिएल गेला आणि १८६२ च्या सप्टेंबरात थोरली मुलगी ब्लांदिन. त्याच वर्षी त्याने बाखच्या त्या उतरणीवर पियानोसाठी आवर्तने रचली, आणि पुढच्या वर्षी ती ऑर्गनसाठी पुन्हा लिहिली. माझ्या मते हीच ऑर्गनवरची सर्वांत थोर शोकरचना. पियानोवर ती ऐकली की लिस्टची बोटे जाणवतात. पट्ट्यांवर आदळणारा बाप दिसतो. ऑर्गनवर तो बाप दिसेनासा होतो. तीच सहा पावले कधी पायांतून येतात, कधी वरच्या नळ्यांतून, कधी एकावर एक इतकी रचली जातात की मूळ सा कुठला होता हेच हरवते. मधे एक जागा अशी येते की सगळे थांबते आणि एकच धागा अडखळत बोलू लागतो, जवळजवळ गद्यात. मग पुन्हा खर्ज.

शेवट मात्र मला पटत नाही. सगळ्या कल्लोळानंतर लिस्ट देवाचे करणे भलेच असते अशा अर्थाच्या एका जुन्या स्तोत्राची सरळ, उजळ चाल आणतो आणि रचना संपवतो. बाखचा कॅन्टाटाही याच स्तोत्राने संपतो, तेव्हा परंपरेने पाहिले तर यात गैर काही नाही. पण बाखच्या मंडळीला ते स्तोत्र रोजचे होते, ती ते गात गात घरी जायची. तीन वर्षांत दोन मुले गमावलेल्या माणसाने ते इतक्या लखलखीत सुरात म्हणावे, हे मला आजही जड जाते. पुष्कळ जाणकार नेमके उलटे म्हणतात. त्यांना हा शेवटच रचनेचा प्राण वाटतो. भांडायला हरकत नाही.

बाखचीच एक लहान रचना याच्या अगदी उलट वाटेने जाते. वायमारला असताना त्याने ऑर्गनसाठी स्तोत्रांच्या चालींवर छोट्या छोट्या रचनांचे एक पुस्तक करायला घेतले. १६४ करायच्या ठरवल्या होत्या, झाल्या ४६. त्यातली एक उपवासकाळातली, माणसाला आपल्या पापावर रडायला सांगणाऱ्या स्तोत्रावरची. आश्चर्य असे की ती शुद्ध स्वरांच्या घरातली आहे. काळी दोन सा धरली तर आपल्याला बिलावलच्या अंगणात बसल्यासारखे वाटेल. वरच्या आवाजात मूळ चाल इतक्या हरकती घेत सावकाश चालते की ती ओळखायलाही वेळ लागतो. स्तोत्राचा शेवट ख्रिस्त वधस्तंभावर किती वेळ होता तिथे येतो. त्या जागी बाखने अगदी सावकाश वाजवण्याची सूचना लिहून ठेवली आहे, आणि तिथे या शुद्ध घरात एकाएकी कोमल धैवत, सा आणि कोमल गंधार असे तीन सूर एकदम उभे राहतात.

(येथे पेटीवर काळी दोनच्या साने हा स्वरमेळ व त्यापाठोपाठ मूळ स्वरमेळ वाजवला.)

क्षणभरच. लगेच रचना आपल्या घरी परतते आणि थांबते. वादकाला तिथे काही ‘भाव’ घालता येत नाही, कारण पट्टीत भाव घालण्याची सोयच नाही. तो एवढेच करू शकतो की तिथे पोचेपर्यंत घाई करायची नाही.

आता जर्मन संगीतकार ब्राम्सकडे वळतो. क्लारा शूमान २० मे १८९६ रोजी गेल्या. थोर पियानोवादक, आणि ब्राम्सची चाळीस वर्षांहून अधिक काळची मैत्रीण. त्या उन्हाळ्यात इश्ल या गावी ब्राम्सने स्तोत्रांच्या चालींवर ऑर्गनसाठी अकरा रचना लिहून काढल्या. पुढच्या वर्षी ३ एप्रिलला तोही गेला. रचना छापल्या गेल्या १९०२ मध्ये. अकरावी रचना जगाचा निरोप घेणाऱ्या स्तोत्रावर आहे. तिच्यात प्रत्येक ओळ भरल्या आवाजात येते, मग तिचाच शेवट हलक्या आवाजात, आणि पुन्हा त्याहून हलक्या आवाजात. वादक बोटे नरम करत नाही. त्याचे हात फक्त वेगळ्या मजल्यावरच्या पट्ट्यांवर जातात, जिथल्या नळ्या मुळातच मंद आहेत. ओळ दूर जाते ती अशी, अक्षरशः जागा बदलून. ब्राम्सने या वाद्यासाठी फार थोडे लिहिले, त्यातले बरेचसे तरुणपणी. आयुष्याच्या अखेरीस तो परत या वाद्याकडे का आला याचे उत्तर मला या दुहेरी पडसादात मिळते.

एक उदाहरण विसाव्या शतकातले. ज्याँ आलँ नावाचा फ्रेंच ऑर्गनवादक २० जून १९४० रोजी सोम्यूरजवळ लढताना मारला गेला. वय २९. मॉरिस द्युरुफ्ले या ज्येष्ठ वादकाने १९४२ मध्ये त्याच्या नावावर रचना केली, आणि नावावर म्हणजे खरोखरच नावावर. फ्रेंच अक्षरांना सुरांची नावे द्यायची एक युक्ती आहे, तिने आलँ या नावाचे पाच सूर होतात. आपल्या भाषेत सांगायचे तर पांढरी दोन सा धरून प, सा, प, प, कोमल ग. पुढचा सगळा पसारा या पाच सुरांतून वाढतो. हेल काढणारी बाई गेलेल्याचे नाव घेते, तसे हेही नाव घेणेच आहे. फक्त इथे ते न रडता घेतले जाते.

आता आपल्या पेटीकडे येऊ, कारण तिच्यावर नेमका हाच आरोप झाला. तिला मींड येत नाही, तिचे स्वर ठोकळेबाज, आपल्या श्रुतींना ती जागा देत नाही. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. रवींद्रनाथांना ती आवडत नव्हतीच. पण पेटीवर सर्वांत बोचरे लिहिणाऱ्यांत एक इंग्रज संगीतकार होता, जॉन फाउल्ड्स. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा तो प्रमुख होता. गंमत पाहा, याच माणसाने पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी ‘अ वर्ल्ड रिक्विएम’ ही प्रचंड शोकरचना केली होती. १९२३ ते १९२६ अशी चार वर्षे युद्धविरामाच्या रात्री लंडनमध्ये ती सादर झाली, आणि त्या दिव्य पसाऱ्यात ऑर्गनही होता. म्हणजे ज्याने ऑर्गनच्या साथीने लाखोंचा शोक मांडला, त्यालाच ऑर्गनचे भारतातले नातवंड कानापुढे नको होते. फाउल्ड्स १९३९ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात वारला, बंदी आल्याचे त्याने पाहिले नाही. स्वातंत्र्यानंतर नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याही काळात ती बंदी टिकली आणि पुढे १९७१ च्या सुमारास सैल झाली.

आरोप खोटा नव्हता. यमनातला निषाद किंवा मारव्याचा ऋषभ पेटीवर मिळत नाही, हे कबूल करून टाकावे. माझे म्हणणे वेगळे आहे. सगळी कामे गायकीची नसतात. मातीला जमलेल्या मंडळीत ज्याचे गेले आहे तो हेल काढतोच, त्याला वाद्याची गरज नाही. गरज असते ती उरलेल्या दोनशे माणसांना, ज्यांना धड रडता येत नाही आणि गप्पही राहवत नाही. त्यांना एकसारखा, न डगमगणारा सूर लागतो. तो धरून ती गातात. वारकऱ्याच्या अंत्ययात्रेत हे काम टाळ-मृदंग करतात. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत ते पेटीने केले. जे वाद्य स्वतः रडत नाही तेच इथे कामाचे.

नाटकवाल्यांना हे आधीच ठाऊक असावे. १९११ च्या मार्चमध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली, आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही कथा आपल्याकडे धैर्याची म्हणून सांगतात. मला त्यात आणखी एक दिसते. त्या पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे एका पेटीवाल्याच्या. चाल पक्की बांधलेली होती म्हणून गाणाऱ्याला स्वतःचे दुःख बाजूला ठेवून तिच्या आधाराने चालता आले.

नगरची गोष्ट इथे पुरी होत नाही. मिशनऱ्यांबरोबर पाश्चात्त्य चाली आल्या, भाषांतरित स्तोत्रे आली, पायपेटी आली. रेव्हरंड ह्यूम यांच्या धर्मशिक्षणशाळेचे आणि त्यांच्या नावाच्या चर्चचे हे गाव. रविवारी चार आवाजांत गाण्याची सवय इथे पक्की रुजली. त्याच गावात कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक इथे येऊन अभंग आणि भजने लिहू लागले. टिळकांना उसन्या चालींत गुदमरायला होई. तेव्हापासून ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले की दोन्ही घरे शेजारी दिसतात. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन चालते. एका उद्गारानंतर पाश्चात्त्य चाल, दुसऱ्यानंतर भजनी ठेका, आणि पेटी दोन्हीकडे तीच. ऑर्गनने इथे दोनदा वेष पालटला, पण त्याची शोकातली जागा हलली नाही.

नगरचीच आणखी एक गोष्ट. शहराच्या दक्षिणेला अरणगावजवळ मेहेराबाद आहे. तिथले आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा यांचे १९६९ च्या ३१ जानेवारीला निधन झाले. त्यांची इच्छा अशी होती की समाधीत देह ठेवताना कोल पोर्टरचे ‘बिगिन द बिगीन’ हे गाणे वाजवावे, आणि ते सात वेळा वाजवले गेले. नाचाचे गाणे, तबकडीवरचे, सातही वेळा तंतोतंत तेच. अनेकांना हे विचित्र वाटते. बाखचा खर्ज बारा वेळा तसाच येतो हे ज्याने ऐकले आहे त्याला ते तितकेसे विचित्र वाटू नये.

शेवटी एक कामाची सूचना. ब्राम्सच्या त्या अकरा रचनांपैकी काहींत पायपट्ट्यांची गरज नाही, त्या नुसत्या दोन हातांनी वाजतात. म्हणजे त्या मिशनच्या जुन्या पायपेटीवर वाजू शकतात. पाय भात्याला मोकळे राहतात. नळ्यांचा भरणा मिळणार नाही, पडसादासाठी खुंट्या मधेच बदलाव्या लागतील, पण स्वरांची रचना पूर्ण ऐकू येईल. अशा पायपेट्या या जिल्ह्यात अजून आहेत. काही चर्चच्या मागच्या खोलीत, काही घरांत कपडे ठेवायच्या टेबलासारख्या. त्या मुक्या झाल्या असतील तर बहुधा भात्याचे कापड आणि चामडे गेलेले असते. पितळी रीड सहसा शाबूत असतात, धूळ काढली की बोलतात. भाता नव्याने बसवणारे पेटी-कारागीर पुण्या-मुंबईत आणि मिरजेत आहेत. ज्यांच्याकडे असे वाद्य असेल त्यांनी व्याख्यानानंतर संयोजकांकडे नाव द्यावे. स्वरलेखन मी घेऊन आलो आहे.